चौथ्या खणातल्या बायका

चौथा खण ओढला मात्र, टाचणीचा हात मुठीवरच थांबला. आतल्या अकराच्या अकरा बायका लखलखत होत्या.

कालपर्यंत त्या अशा नव्हत्या. सिंहाला टेकून बसलेली देवी जुन्या विहिरीच्या पायरीसारखी हिरवी होती. पंखवाली गडद तपकिरी होती. आणि डोक्यावर वेण्यांचा तीनमजली डोलारा सांभाळणारी महाराणी इतकी काळी, की वन्सं तिला लाडाने कोळशेवाली म्हणत. आता सगळ्या एकाच रंगाच्या झाल्या होत्या, नव्या नळाच्या तोटीसारख्या पिवळ्याधमक. खणातून धातूच्या पॉलिशचा वास येत होता. तो वास टाचणी लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून ओळखत होती, आणि घरात त्या वासाचं माणूस एकच होतं.

तिने खण बंद केला, पुन्हा उघडला. बायका चमकतच होत्या.

आज दुपारी संग्रहालयाच्या बाई येणार होत्या. बायकांचे छाप असलेल्या जुन्या नाण्यांचा वन्संचा सगळा संग्रह संग्रहालयात जाणार होता, त्याला स्वतंत्र खोली मिळणार होती. वन्संची अट एकच होती. त्या खोलीची किल्ली घरातल्याच एका माणसाकडे राहील, आणि ते माणूस तिथे नेमाने जाऊन नाण्यांची देखभाल करील, येणाऱ्या-जाणाऱ्यांना त्यांच्याबद्दल सांगील. ते माणूस कोण, हे वन्सं आज सगळ्यांसमोर बोलणार होत्या. किल्ली धाकट्या दिरांकडे, म्हणजे वकिलांकडे जाणार, असं सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. शिकलेला माणूस, चार लोकांत बोलणारा, कागदपत्रं जाणणारा. टाचणीला ती किल्ली हवी होती, अगदी जीव तुटून हवी होती, हे कोणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. तिने कोणाला सांगितलंच नव्हतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मापाचे कपडे शिवलेल्या बाईला स्वतःसाठी काही मागायची वेळ आली की नेमके शब्द सापडत नाहीत.

ती तडक मागच्या अंगणात गेली. तिचे यजमान, म्हणजे इन्स्पेक्टर, उन्हात स्टूल टाकून बुटांना पॉलिश करत बसले होते. बस कंपनीत त्यांनी हयात घालवली, आणि त्यांच्या कारकिर्दीत एकही बस मळक्या काचांनी फाटकाबाहेर पडली नाही, असं ते स्वतः सांगत आणि दुर्दैवाने ते खरं होतं. निवृत्तीनंतर बस हातच्या गेल्या, तसा हा माणूस घरावर घसरला. दाराच्या कड्या, खिडक्यांचे खिळे, पंख्याची पाती, काही सुटत नसे.

"बघितलंस?" ते हसत म्हणाले. "बोल ना! कशा दिसतायत?"

"अहो, काय केलंत हे?"

"सकाळी लवकर उठून बसलो. म्हटलं, संग्रहालयाची बाई येणार, आणि ताईच्या बायका तिच्यासमोर अशा शेवाळलेल्या जाणार? चौथा खण सगळ्यात घाण होता, म्हणून तिथून सुरुवात केली. डबी संपली, नाहीतर सगळे केले असते."

टाचणी पायरीवर बसली. डबी संपली म्हणून तीनशे बायका वाचल्या होत्या.

"तो घाणीचा थर नव्हता हो," ती म्हणाली. "वन्सं त्याला साय म्हणतात. नाणं शेकडो वर्षं मातीत पडून राहतं तेव्हा अंगावर धरतं ती. तीच त्यांची खूण. ती गेली की जाणकार माणूस नाण्याकडे बघत नाही. वन्सं एकेका नाण्यावर महिनोन् महिने बसतात, ते ती राखून नुसती माती काढायला. दात कोरायच्या हुकांनी. तुम्ही कशाने घासलंत?"

इन्स्पेक्टरांनी बुटांच्या खोक्यातून ब्रश काढून दाखवला. बारीक पितळी तारांचा, टोपीवरचा बिल्ला घासायचा.

मग हळूहळू त्यांना उमजलं. आधी हसू गेलं, मग चेहऱ्यावरचा रंग गेला. हातातला बूट त्यांनी खाली ठेवला तो पालथा, आणि हा माणूस बूट पालथा ठेवतो हे टाचणीने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

"ती बोलणं टाकेल," ते म्हणाले. "पुन्हा टाकेल."

सासूबाई गेल्या तेव्हा यांनी तिसऱ्या दिवशी त्यांचं कपाट रिकामं करून, पुसून, आत नवा कागद घालून ठेवलं होतं. वन्सं परगावाहून परतल्या तेव्हा आईची फणी नाही, चष्मा नाही, काहीच नाही, नुसतं चकचकीत कपाट. त्यानंतर भाऊबहीण कित्येक वर्षं एकाच जिन्याने चढत-उतरत होते आणि एकमेकांशी अवाक्षर बोलत नव्हते. निरोप टाचणी पोचवायची. "ताईला सांग, टाकी भरलीय," हे म्हणत, आणि ताई तिथेच चार पावलांवर उभ्या असत. "त्याला सांग, ऐकू आलं," असं त्या म्हणत. गेल्या वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरांनी वन्संना सांगितलं, की नजरेचा मधला भाग जातोय, कडेचं दिसेल, समोरचं पुसट होत जाईल. त्या संध्याकाळी इन्स्पेक्टर खाली गेले आणि दाराशी उभं राहून म्हणाले, "ताई, मी आहे." तेव्हा कुठे ते कुलूप उघडलं होतं.

"ऐक," इन्स्पेक्टर म्हणाले. त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "तू सांग ना, तुझ्या हातून झालं. तुला ती चार शब्द सुनावेल आणि विसरेल. तुझ्यावर जीव आहे तिचा. मला ती..."

टाचणी उठली. "चहा टाकते," म्हणाली. होय म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही.

*

वकील आणि धाकटी जाऊ आले ते बोलत बोलतच आले. धाकटी जाऊ शाळेत गाणं शिकवायची. तिचा आवाज घरात तिच्या आधी पोचायचा.

"जाऊबाई, मी यांना सांगितलंय, आज एक अक्षर कायद्याचं काढायचं नाही. नुसत्या बायका बघायच्या!"

सगळी मंडळी तळमजल्यावरच्या, वन्संच्या जुन्या दातांच्या दवाखान्यात जमली. वन्संनी पेशंट बघणं सोडलं, पण खुर्ची हलवली नव्हती. तिच्यावरचा मोठा दिवाही तसाच होता. त्या दिव्याखाली अर्ध्या गावाचे दात निघाले आणि नंतर तिथेच नाण्यांवरची माती निघाली. भिंतीला लागून सपाट खणांचं उंच कपाट उभं होतं. खणाखणांत मखमलीच्या गोल गाद्या, आणि प्रत्येक गादीवर एक बाई. गाद्या टाचणीने शिवल्या होत्या. अबोल्याच्या त्या वर्षांत निरोप देता देता ती दुपारी शिवणयंत्र घेऊन इथेच बसायला लागली होती. वन्सं हुकाने एखाद्या राणीच्या केसांतली माती काढत आणि बोलत राहत. ही समुद्रकाठच्या शहराची, भोवती चार डॉल्फिन फिरतायत. ही कमळावरची. ही घुबडवाली, हिच्या मागे घुबड कसं टवकारून बघतंय बघ. "पुरुषांची नाणी ढीगभर आहेत," त्या म्हणत, "आणि त्यांना सांभाळणारेही ढीगभर. या माझ्याकडे आल्या." टाचणीला आधी त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मग एक दिवस घरी भाजी चिरताना तिच्या लक्षात आलं, की आपण घुबडवालीचाच विचार करतोय.

"ताई कुठेय?" वकिलांनी विचारलं.

"कपडे बदलतायत. येतीलच."

"तोवर मी बघून घेतो. बाईंना दाखवताना कुठे काय आहे ते माहीत पाहिजे." किल्ली खिशात पडल्यासारखेच ते बोलत होते. पहिला खण झाला, दुसरा, तिसरा. टाचणीने ओठ घट्ट मिटले. इन्स्पेक्टर भिंतीवरच्या दातांच्या तक्त्यासमोर उभे राहून दाढा मोजत होते.

"अरे बापरे!" चौथा खण बाहेर आला. "हे काय? ही तर... हे कोणी घासलं?"

धाकटी जाऊ पुढे झाली आणि तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "जाऊबाई... तुम्ही?"

प्रश्न विचारून झाला तेव्हा सगळे टाचणीकडेच बघत होते. साहजिकच होतं. खोलीत तिचीच ये-जा. गाद्या तिच्या. मखमल झटकायला खण तीच काढायची. वकील तर मान हलवायलाही लागले होते, वाईट वाटून. हा माणूस वाईट नव्हता, फक्त निकाल लवकर द्यायचा. टाचणीने नवऱ्याकडे पाहिलं. त्यांची पाठ तिच्याकडे होती. नेहमीची ताठ पाठ, पण आज खांदे कोणीतरी हवा काढून घेतल्यासारखे पडले होते.

"माझ्या हातून झालं," टाचणी म्हणाली.

"अहो वहिनी, पण इतकी वर्षं तुम्ही ताईजवळ..." वकिलांनी वाक्य सोडून दिलं. "बरं. आता ताईला सांगायचं कोणी?"

"सांगायला कशाला हवंय? मला कडेचं दिसतं आणि ऐकू तर सगळंच येतं."

वन्सं दारात उभ्या होत्या. उंच, सडसडीत, पांढरे केस मागे घट्ट बांधलेले. त्या सरळ चालत आपल्या स्टुलापाशी आल्या, बसल्या, आणि खुर्चीवरचा दिवा लावला. "खण द्या."

वकिलांनी खण त्यांच्या मांडीवर ठेवला. वन्संनी बोटांनीच कोळशेवाली शोधली. डोळ्यांशी भिंग लावलं, मान जरा वळवून कडेच्या नजरेने पाहिलं. मग भिंग खाली ठेवलं. बोट तिच्या वेण्यांवरून पुन्हा पुन्हा फिरवलं. त्या नाण्यासाठी त्या एका पावसाळी रात्री दुसऱ्या शहरात जाऊन आल्या होत्या, आणि त्याच्या वेण्यांतली माती काढायला त्यांना एक हिवाळा लागला होता, हे खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. टाचणीला वाटलं, ओरडाव्यात एकदाच्या.

"कोणी केलं?"

"मी, वन्सं."

"कशाने?"

"पॉलिशने. आणि... ब्रशने."

"आण तो."

टाचणी अंगणात गेली आणि बुटांच्या खोक्यातून ब्रश घेऊन आली. वन्संनी अंगठा तारांवरून फिरवला. मग पाकिटातून एक साधं चलनातलं नाणं काढलं आणि तिच्या हातात दिलं.

"घास."

"वन्सं..."

"सकाळी घासलंस तसं घास."

टाचणीने नाणं खुर्चीच्या हातावर ठेवलं आणि घासायला लागली. हात फिरत होता नेहमीसारखाच, लहान लहान गोलांत. वन्संनी नाणं परत घेतलं. ट्रेमधून एक अणकुचीदार हूक उचलला आणि त्याचं टोक नाण्यावरून हलकेच ओढलं. मग तेच टोक कोळशेवालीवरून ओढलं. ती हालचाल बघण्यासारखी होती. मनगट स्थिर, फक्त दोन बोटं चालत होती, जणू ते टोक म्हणजे त्यांच्याच बोटाचं पेर. सगळं घर श्वास रोखून त्या टोकाकडे बघत होतं. अशीच अनेक माणसं अनेक वर्षं तोंड उघडून त्या हाताकडे बघत आली होती, आणि तो हात कधी चुकला नव्हता.

"पुरे," वन्सं म्हणाल्या. मग मान न वळवता, "इन्स्पेक्टर, इकडे ये. बस खुर्चीत."

"मी? मी कशाला, ताई?"

"बस. आणि आ कर."

एवढा थोरला माणूस, बस कंपनीतले ड्रायव्हर ज्याला चळचळा कापायचे, तो निमूटपणे खुर्चीत बसला आणि आ करून दिव्याकडे बघत राहिला. धाकट्या जावेला हसू आवरेना, तिने तोंडावर हात धरला. वन्संनी स्वच्छ केलेला हूक त्यांच्या दातांच्या मुळांशी लावला आणि एका बाजूने दुसऱ्या बाजूला नेला. कुट्, कुट्, कुट्. टोक प्रत्येक दाताशी अडकत होतं.

"डावीकडे जास्त," त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. "किती वेळा सांगितलं, आडवं घासू नकोस, जोर लावू नकोस. हा करवत चालवावी तसा ब्रश चालवतो. दातांना खाचा पडल्यात. तशाच रेघा या बाईच्या गालावर आहेत, आडव्या, एका दिशेने, जोराच्या. ही बघा, टाचणी गोल घासते. तिला मीच शिकवलं होतं." त्यांनी हूक ट्रेमध्ये ठेवला. "मीट तोंड."

इन्स्पेक्टरांनी तोंड मिटलं, पण खुर्चीतून उठले नाहीत. त्यांच्या डोळ्यांतून पाणी कानांकडे वाहत होतं, कारण ते अजून आडवेच होते.

"मला वाटलं, पाहुण्यांसमोर तुझ्या बायका मळकट नकोत," ते छताकडे बघत म्हणाले. "लोक म्हणतील, डॉक्टरीणबाईंनी घाण गोळा केली. ताई, मला खरंच कळलं नाही ग. मी नेहमी पुसायलाच जातो आणि..."

"माहीत आहे."

"आता बोलणं टाकणार?"

वन्संनी कोळशेवालीला परत तिच्या गादीवर ठेवलं, सरळ, मान वर.

"आईचं कपाट तू धुऊन काढलंस तेव्हा टाकलं होतं बोलणं. काय झालं? कपाट परत भरलं नाही. तू तिथे कुढलास, मी इथे, आणि निरोप नेऊन नेऊन ही बिचारी अर्धी झाली. रागावलेय मी. पुष्कळ रागावलेय. या अकरा जणींची साय माझ्या जन्मात परत येणार नाही, कोणाच्याच येणार नाही. पण या खेपेला बोलून रागावणार आहे. रोज सकाळी खाली यायचं आणि ऐकून घ्यायचं."

"येईन," इन्स्पेक्टर म्हणाले. असा शिक्षेवर खूश झालेला माणूस टाचणीने पाहिला नव्हता.

तिच्या मनावरचं ओझं उतरलं, पण घडीभरच. वन्सं तिच्याकडे वळल्या होत्या.

"आणि तुझ्यावर त्याहून जास्त रागावलेय."

"वन्सं, यांना पुन्हा तसं..."

"नवऱ्याला वाचवलंस. कळलं मला. दुसरी कुठली गोष्ट असती तर मी कानाडोळा केला असता. या खुर्चीत बसून माणसं रोज खोटं बोलतात. दोनदा घासतो म्हणतात, गोड खात नाही म्हणतात, मी हसण्यावारी नेते. दात स्वतःच खरं सांगून मोकळे होतात. पण या बायकांना तोंड असून बोलता येत नाही, टाचणे. कोण होतीस, कुठून आलीस, तुझं हे असं कोणी केलं, हे दुसऱ्याने सांगायचं असतं. त्यांच्या वतीने बोलणाऱ्या माणसाने एकदा खोटं सांगितलं, की मग सगळंच खोटं."

वन्संचं खरं होतं, आणि खरं असल्यामुळेच ते टाचणीच्या जिव्हारी लागलं. किल्ली गेली, एवढंच तिला समजलं. आपल्या हाताने गेली. तिला रडू आलं असतं, पण धाकटी जाऊ शेजारी येऊन उभी राहिली आणि तिने टाचणीचा हात धरला, घट्ट, गाण्याच्या बाईची सगळी बोटं लावून.

वकिलांनी घसा साफ केला. "ताई, झालं ते झालं. आता बाई येतील. मी म्हणतो, हा चौथा खण आपण वर नेऊन ठेवू. त्यांना काय ठाऊक, खण किती होते? उरलेल्या कपाटाला नाव ठेवायला जागा नाही. उगाच पहिल्याच दिवशी..."

"अहो!" धाकटी जाऊ कडाडली. "वन्संनी आत्ता काय सांगितलं? जाऊबाई निदान नवऱ्यासाठी खोटं बोलल्या. तुम्ही कशासाठी बोलणार, खोलीच्या दारासाठी?"

वकिलांनी खण उचलून परत कपाटात सरकवला. वन्संच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं.

*

संग्रहालयाच्या बाई मध्यम वयाच्या, आखूड केसांच्या, मोजकं बोलणाऱ्या होत्या. त्यांनी चहाला हात लावण्याआधी हात धुतले, आणि त्याच क्षणी त्या टाचणीला आवडल्या.

पहिले तीन खण वन्संनी स्वतः उघडले. त्यांना नीट दिसत नव्हतं याची त्या बाईंना शंकाही आली नसती. बोट गादीवरून गादीवर जात होतं आणि बायका एकेक करून उठून उभ्या राहत होत्या. ही गव्हाच्या लोंब्या धरलेली, हे नाणं आईच्या कोटाला बटण म्हणून लावलेलं होतं, मी सात वर्षांची असताना या बटणावर बाई आहे हे मला दिसलं आणि तेव्हापासून हे सगळं सुरू झालं. ही डोक्यावरून ओढणी घेतलेली राणी, नाक बघा, शिल्पकाराने लबाडी केलेली नाही, होतं तसंच लांब ठेवलंय. ही मुलाला मांडीवर घेतलेली, राज्य करताना मूलही सांभाळत होती. संग्रहालयाच्या बाईंनी वही उघडली होती ती तशीच राहिली. त्या नुसत्या ऐकत होत्या. टाचणी भिंतीशी उभी राहून पाहत होती आणि मनातून म्हणत होती, ही बाई आंधळी झाली तरी हिला आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त दिसेल. आपण हिच्या पायाशी इतकी वर्षं बसलो, हेच पुष्कळ झालं.

मग वन्संचा हात चौथ्या खणाच्या मुठीशी गेला आणि तिथून परत आला.

"टाचणे, हा तू उघड."

एवढंच. सांगितलं काही नाही, सुचवलं काही नाही. वन्संनी हात मांडीवर ठेवले आणि मान खाली घातली.

टाचणी पुढे आली. खण ओढला. संग्रहालयाच्या बाईंच्या तोंडून "अरेरे" निघालं, अगदी हळू, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

"हे कसं झालं?"

टाचणीने दाराकडे पाहिलं. इन्स्पेक्टर तिथे उभे होते, बुटांकडे बघत. त्यांनी मान वर केली नाही. ही गोष्ट एकदा सांगितली की संग्रहालयात सांगितली जाईल, पुन्हा पुन्हा सांगितली जाईल, हे तिला कळत होतं. त्यांनाही कळत असणार.

"माझ्या नवऱ्याने घासली," ती म्हणाली. पहिलं वाक्य बाहेर पडायला जड गेलं, नंतरची आपोआप आली. "आज सकाळी. पॉलिश आणि तारेचा ब्रश घेऊन. त्यांना वाटलं, तुमच्यासमोर त्या चांगल्या दिसाव्यात. बहिणीवर माया आहे म्हणून केलं, पण केलं ते चूक केलं. आणि मघाशी मी घरात सांगितलं, की मी केलं. तेही चूक होतं." तिने बोट सिंहाशेजारच्या देवीवर ठेवलं, न टेकवता. "ही हिरवी होती. अंगभर सारखी नव्हे, सिंहाच्या आयाळीत जास्त गडद आणि हिच्या गुडघ्यावर फिकट, जवळजवळ निळी. म्हणून मी हिला मरून मखमल घातली, हिरवं उठून दिसावं म्हणून. ही पंखवाली तपकिरी, पण डाव्या पंखावर लालसर डाग होता. ही काळी. नुसती काळी नाही, उजेडात धरली की वेण्यांच्या मधे जांभळी झाक मारायची. वन्सं हिला कोळशेवाली म्हणायच्या. आता तशी कोणाला दिसणार नाही, म्हणून सांगते."

ती अकराही जणींचं सांगत गेली. सांगताना तिला मधेच जाणवलं, की आपण किल्लीचा विचार करत नाही आहोत. नुसतं या बायकांचं काही राहून जाऊ नये, एवढंच वाटतंय.

संपलं तेव्हा संग्रहालयाच्या बाई लिहीत होत्या. भराभर लिहीत होत्या. "जांभळी झाक वेण्यांच्या मधे म्हणालात ना?"

"हो. आणि कानामागे थोडी."

"मुख्य पेटीत मला या ठेवता येणार नाहीत," बाई वन्संना म्हणाल्या. "तुम्हालाही ठाऊक आहे."

"आहे."

"पण वेगळ्या पेटीत ठेवीन. दाराशीच. आमच्याकडे महिन्याला कोणी ना कोणी आजोबांचं नाणं घरी घासून घेऊन येतं आणि विचारतं, आता कसं दिसतंय? त्यांना दाखवायला माझ्याकडे आजवर काही नव्हतं. या अकरा जणी आणि त्यांचे हे आधीचे रंग, दोन्ही शेजारी शेजारी."

"पाटीवर माझं नाव घाला," दारातून इन्स्पेक्टर म्हणाले. सगळ्यांनी वळून पाहिलं. ते ताठ उभे होते, ड्यूटीवर असल्यासारखे. "कोणी घासली ते लिहा. लोकांना कळू दे."

"हुद्द्यासकट?" धाकट्या जावेने विचारलं.

"हुद्द्यासकट."

मग मात्र वन्संही हसल्या. वकील हसले. हसता हसता त्यांनी टाचणीकडे पाहिलं आणि हलकेच मान झुकवली. मघाशी घाईने दिलेला निकाल ते मागे घेत होते.

संग्रहालयाच्या बाई वहीचं पान उलटून टाचणीकडे वळल्या. "एवढं सांगितलंत, पण तुमची ओळखच राहिली. तुम्ही कोण?"

टाचणीने तोंड उघडलं. मी यांची भावजय, शिवणकाम करते, नाण्यांच्या गाद्या तेवढ्या माझ्या, असं काहीतरी ती म्हणणार होती. जन्मभर तिने स्वतःची ओळख अशीच दिली होती.

वन्संचा हात हवेत चाचपडत आला आणि तिच्या मनगटावर थांबला.

"ही माझ्यानंतरची," वन्सं म्हणाल्या.